मदत हवी आहे: सिव्हिलमध्ये एकटीच क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, सुपरव्हिजन कशी मिळवायची?

नमस्कार मंडळी,

इथे बरेच दिवस नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. जरा लांबलाय, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही. या क्षेत्रातले कोणी असाल तर प्लीज लिहा, आणि नसाल पण कधी घरच्या कोणाला घेऊन सायकॉलॉजिस्टकडे गेला असाल तर तुमचा अनुभवही वाचायला आवडेल.

मी मानसशास्त्रात एमए करून मग एमफिल क्लिनिकल सायकॉलॉजी केलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा दोन वर्षांचा पूर्णवेळ कोर्स, आरसीआयची म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेल्या संस्थेतच करावा लागतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोणाला म्हणायचं ते सांगितलंय, त्यात हे एमफिल आहे आणि ते सुपरव्हिजनखालच्या, म्हणजे अनुभवी सीनियरच्या देखरेखीखालच्या, क्लिनिकल ट्रेनिंगसकट असलं पाहिजे असंही आहे. आणि ट्रेनिंग खरंच तसं होतं. सकाळी ओपीडीत केस हिस्टरी घ्यायची, त्यातच तास दीड तास जायचा, मग एमएसई म्हणजे पेशंटच्या मानसिक स्थितीची तपासणी, मग सगळं कन्सल्टंटसमोर मांडायचं. आमचे एक सर प्रत्येक वाक्याला एकच विचारायचे, "हे तुला कशावरून वाटलं?" पेशंट उदास आहे म्हटलं की कशावरून, भ्रम आहे म्हटलं की कशावरून, तो काय म्हणाला त्याच्या शब्दांत सांग. तेव्हा घाम फुटायचा पण आज जे काही येतं ते त्या प्रश्नामुळे येतं असं मला मनापासून वाटतं. थेरपीचं सेशन झालं की नोट्स घेऊन मॅडमकडे जायचं, तू हे का विचारलंस, इथे गप्प का नाही राहिलीस, पेशंट रडायला लागल्यावर तू विषय का बदललास, असं सगळं निघायचं.

आता मी खानदेशातल्या एका जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये आहे, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात, कंत्राटी. कागदावर टीम असते, सायकियाट्रिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, पीएसडब्ल्यू म्हणजे सायकियाट्रिक सोशल वर्कर, नर्स. माझ्या कामाची दुसरी व्यक्ती मात्र जिल्ह्याच्या सरकारी व्यवस्थेत मला तरी अजून भेटलेली नाही. आमचे सायकियाट्रिस्ट सर खूप चांगले आहेत, कधीही दार ठोठावलं तरी ऐकतात, पण त्यांची ओपीडी एवढी असते की दोन पेशंटच्या मधल्या मिनिटात मी थेरपीबद्दल काय विचारणार.

कामाचा मोठा भाग टेस्टिंगचा. बोर्डाच्या दिवशी दिव्यांग सर्टिफिकेटसाठी सकाळपासून रांग असते, बरीचशी लहान मुलं, आईच्या कडेवर, लांबून एसटीने आलेली. बिने-कामत ही बुद्धिमापन चाचणी लावायची, सेग्विन फॉर्म बोर्ड म्हणजे लाकडी आकार खाचेत बसवायची चाचणी, आईशी बोलून व्हीएसएमएस, म्हणजे मूल रोजच्या व्यवहारात किती तयार आहे त्याची मोजपट्टी. आणि इथे माझी पहिली अडचण आहे. सातपुड्याच्या पायथ्याकडून येणारी मुलं घरी पावरी नाहीतर भिली बोलतात, इकडची बरीच अहिराणी. कामतांनी बिनेची चाचणी कन्नड आणि मराठी मुलांसाठी बसवली हे मोठंच काम आहे, पण ज्या मुलाने शाळेबाहेर मराठी फारशी ऐकलेलीच नाही त्याला मी मराठीत शब्दांचे अर्थ विचारले आणि ते गप्प बसलं तर ते गप्प बसणं मी कशात मोजू? अशा वेळी मी फॉर्म बोर्ड, जरा मोठं मूल असेल तर भाटिया बॅटरी (हाताने करून दाखवायच्या चाचण्यांचा संच), आणि मूल घरी स्वतःच्या हाताने काय काय करतं यावर जास्त भर देते. पण शेवटी फॉर्मवर एक आकडा लागतो. त्यात ४० टक्के दिव्यांगत्वाची रेष. त्याच्या खाली गेलं की संजय गांधी निराधारचे पैसे नाहीत, एसटीची सवलत नाही. आईवडील हात जोडून उभे राहतात, मॅडम काहीतरी करा. त्यांची गरज खरी असते, मी आकडा वाढवू शकत नाही हेही खरं असतं, आणि हे त्यांना सांगायचं कसं हे आम्हाला कोणी शिकवलेलं नाही.

दुसरी अडचण थेरपीची, धागा खरं तर त्यासाठीच काढलाय. थोड्या केसेस मी चिकाटीने धरून ठेवल्यात. ओसीडीच्या (मंत्रचळाच्या) एका केसमध्ये ईआरपी सुरू केलं, म्हणजे ज्याची भीती वाटते त्याच्यासमोर पायरीपायरीने जायचं आणि धुणं, पुन्हापुन्हा तपासणं रोखून धरायचं. सुरुवातीला छान चाललं, मग एका पायरीवर अडकलंय ते अडकलंच आहे. घरचे सगळे प्रेमापोटी त्या धुण्याला मदत करतात, बादल्या भरून देतात, आता आधी घरच्यांना घेऊन बसायचं की पायरी अजून लहान करायची? आणि एकदा एका पेशंटने जगायचं नाही असं स्पष्ट बोलून दाखवलं. मी सरांना लगेच सांगितलं, पेशंटबरोबर बसून सेफ्टी प्लॅन लिहिला, घरच्यांना विश्वासात घेऊन फवारणीचं औषध घरातून हलवायला लावलं, टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लिहून दिला, पुढची तारीख जवळची दिली. पेशंट आला, सावरतोय. पण त्या मधल्या रात्री मला झोप नव्हती. काही राहिलं का, हे विचारायला कोणीच नव्हतं.

तर, ट्रेनिंग संपल्यावर तुम्ही सुपरव्हिजन कुठून मिळवलीत? पैसे देऊन घ्यावी का, ऑनलाइन चालते का, पेशंटची गोपनीयता कशी सांभाळता? आणि सुरुवातीलाच असं एकटं काम करावं का, की आधी एखाद्या मोठ्या संस्थेत काही वर्षं काढावीत? मला इथून जायचं नाहीये, पण इथल्या लोकांना अर्धवट काम मिळू नये असंही वाटतं.

माळरान:
तुझा धागा दोनदा वाचला. मी रांचीला सीआयपीत, म्हणजे केंद्रीय मनोचिकित्सा संस्थेत शिकले, नंतर बरीच वर्षं लहान शहरात एकटीनेच काम केलंय, म्हणून अगंतुगं करतेय, चालेल ना?

आधी टेस्टिंगचं. ते काम कमी दर्जाचं समजू नकोस. रिपोर्टमध्ये आकड्याच्या आधी लिही, मुलाची घरची भाषा कोणती, टेस्ट कोणत्या भाषेत घेतली, दुभाष्या कोण होता (शक्यतो आई नको, ती नकळत उत्तर सुचवते, आशाताई किंवा अंगणवाडीताई मिळाली तर बघ), कोणता भाग घेतला नाही आणि का. भाषेमुळे निकाल कमी आला असण्याची शक्यता वाटत असेल तर तसं स्पष्ट लिही आणि पुन्हा तपासणी सुचव. बोर्डाला एक आकडा लागतो हे बरोबर, पण तुझं लिखाण फाइलला राहतं आणि पुढच्या वेळी जो कोणी ते मूल बघेल त्याला ते लागतं.

सुपरव्हिजन पैसे देऊन घे, त्यात कमीपणा काही नाही. ऑनलाइन उत्तम चालते. आरसीआय रजिस्टर्ड आणि ज्या पद्धतीची थेरपी तू करतेस त्यातच काम करणारी व्यक्ती शोध. महिन्यातून दोनदा, ठरलेली वेळ, आणि किती फी, तातडीच्या वेळी फोन करायचा का, नोट्स कोण ठेवणार हे आधीच लिहून घ्या. पेशंटला सांग की मी माझ्या सीनियरशी चर्चा करते, नाव सांगत नाही, आणि त्याची संमती फाइलला लाव. गाव, जात, शेत, नात्यातल्या लोकांचे तपशील काढून टाक, छोट्या जिल्ह्यात तेवढ्यावरून माणूस ओळखू येतो. रेकॉर्डिंग व्हॉट्सअ‍ॅपवर कधीच पाठवू नकोस.

ओसीडीच्या केसबद्दल इथे उघड्यावर जास्त बोलू नये. एवढंच सांगते, घरचे बादल्या भरून देत असतील तर पायरी कितीही लहान केलीस तरी ती पार होणार नाही. आधी घरच्यांना बसव. पण त्यांना दोष दिल्यासारखं वाटता कामा नये, ते पण थकलेले असतात. मदत एकदम बंद करायला लावू नकोस, कुठली आधी कमी करायची ते पेशंटसकट सगळ्यांनी मिळून ठरवा.

आणि त्या रात्रीचं. तू सायकियाट्रिस्टना सांगितलंस, घरातलं विष हलवलंस, तारीख जवळची दिलीस. मी तुझ्या सुपरव्हिजनला असते तर हेच विचारलं असतं आणि उत्तरं ऐकून पुढच्या केसकडे गेले असते.

पिंपळपान:
माळरान यांच्याशी सहमत. भर घालतो. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेची डिजिटल अकॅडमी २०१८ पासून आहे, सायकॉलॉजिस्टसाठीही त्यांचे कोर्स असतात, त्यात केस मांडता येतात आणि देशभरातले लोक भेटतात. इंडियन असोसिएशन ऑफ क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट्स ही १९६८ पासूनची संघटना आहे, मेंबर व्हा, वार्षिक कॉन्फरन्सला एकदा तरी जाच, मला माझा सुपरवायझर तिथे जेवणाच्या रांगेत भेटला. सीआरई म्हणजे पुढच्या शिक्षणाचे पॉइंट नाहीतरी आरसीआयचं रजिस्ट्रेशन रिन्यू करायला लागतातच. आणि तुमच्या बॅचचे लोक कुठे आहेत? चारपाच जण मिळून पंधरा दिवसांनी एकेकाने एक केस मांडायची. आम्ही हे सुरू केलं तेव्हा कोणीच सीनियर नव्हतं, तरी खूप उपयोग झाला, कारण समोरचा "कशावरून?" एवढं तरी विचारतोच.

आईची_डायरी:
मी या क्षेत्रातली नाही. माझ्या मुलाला बौद्धिक अक्षमता आहे. त्याची टेस्ट झाली तेव्हा मला आकडा महत्त्वाचा वाटला होता, पण आज लक्षात राहिलंय ते वेगळंच. त्या मॅडमनी आम्हाला नीट बसवून सांगितलं की हा शर्टाची बटणं लावायला शिकू शकेल, दुकानात जाऊन एक वस्तू आणू शकेल, आणि ते शिकवायचं कसं. आज तो दूध आणतो. सर्टिफिकेट मिळो न मिळो, तुम्ही पालकांना हे दहा मिनिटं सांगत जा. आकडा नाही वाढवता येत हे तोंडावर सांगितलेलं आम्हाला चालतं, कोणी काहीच न सांगता कागद हातात दिला की तुटायला होतं.

नवी_वही:
ताई, थोडं अवांतर. मी एमएच्या शेवटच्या वर्षाला आहे. एमफिल बंद झालं म्हणतात, मग आम्ही काय करायचं?

धागाकर्ती:
@नवी_वही, यूजीसीने २०२२ च्या नियमांनी विद्यापीठांचं एमफिल बंद केलं, पण क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन्हींना २०२५-२६ पर्यंत मुदतवाढ दिली होती. आरसीआयचे दुसरे कोर्सही आहेत, त्यात सायडी (क्लिनिकल सायकॉलॉजीतली डॉक्टरेट) आहे. कुठेही फी भरायच्या आधी त्या संस्थेला, त्या कोर्सला, त्या वर्षासाठी मान्यता आहे का हे आरसीआयच्या साइटवर स्वतः बघ, कॉलेजवाले काय सांगतात त्यावर जाऊ नकोस. आणि अ‍ॅडमिशन घेताना तिथल्या सीनियरना हे नक्की विचार की दर आठवड्याला गाइड खरंच बसतात का. बाकी इमारत, हॉस्टेल वगैरे नंतर.

@आईची_डायरी, बोर्डाच्या दिवशी दहा मिनिटं प्रत्येकाला देणं जमणार नाही, पण रिपोर्ट न्यायला येतात तो दिवस वेगळा असतो, तेव्हा पालकांना एकत्र बसवता येईल. पीएसडब्ल्यू सरांशी आजच बोलले, ते तयार आहेत.

@माळरान, अगंतुगंच करा. भाषेबद्दलचं सगळं आता माझ्या रिपोर्टच्या फॉरमॅटमध्येच घातलंय. आशाताईंना पावरी येते, त्यांना विचारते. ओसीडीच्या पेशंटच्या घरच्यांना या आठवड्यात बोलावलंय. तुम्ही स्वतः सुपरव्हिजन देता का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू का?

@पिंपळपान, बॅचच्या ग्रुपवर टाकलं, तिघींनी लगेच हो म्हटलं, एक विदर्भात आहे, एक कोकणात, दोघीही माझ्यासारख्याच एकट्या. अजून कोणी सिव्हिलमध्ये किंवा प्रादेशिक मनोरुग्णालयात काम करणारं इथे असेल तर सांगा. गुरुवारी रात्री साडेआठला ठरवतोय, ओपीडी आणि घरचं जेवण दोन्ही उरकलेलं असतं.

माळरान:
व्यनि कर. गुरुवारच्या ग्रुपला पहिल्या वेळी मीही येते, चालत असेल तर.