एस्प्रेसो मशीन वरचेवर धुऊन चव खरंच सुधारते का?

घोटभर (धागाकर्ता):
मशीन साफ करण्याचं नुसतं स्तोम माजलंय. कॉफी कडू लागते? बॅकफ्लश करा (बिनभोकाची जाळी लावून पाणी उलटं फिरवा). आंबट लागते? डिस्केल करा (साचलेला क्षार काढा). अहो, बिया भाजून तीन महिने झाले असतील, दळण चुकलं असेल, तर मशीन चकचकीत करून काय उपयोग? मी ग्रुप हेडमधून (गरम पाणी जिथून कॉफीवर पडतं ते तोंड) पाणी सोडतो, फडकं मारतो, झालं. मशीन धुवायची पावडर कित्येक महिन्यांत वापरलेली नाही. चवीत काडीचा फरक नाही.

वाफेचाजोर:
फरक कळत नाही, हेच तर दुखणं आहे. चव एका रात्रीत बिघडत नाही, रोज थोडी थोडी बिघडते आणि जीभ सरावते. शॉट (एका वेळची एस्प्रेसो) थांबला की थ्री-वे व्हॉल्व्ह उरलेला दाब सोडतो. त्या वेळी बास्केटमधलं (कॉफी भरायची जाळी) कॉफीचं पाणी, तेल आणि बारीक चुऱ्यासकट, उलटं वर जाऊन व्हॉल्व्हमधून बाहेर पडतं. म्हणजे नेमकं तुमचं फडकं पोचत नाही तिथून. मशीन तापलेलंच असतं, तेल खवट व्हायला वेळ लागत नाही. एक करा: पोर्टाफिल्टर (ती जाळी बसवायचा दांडा) रिकामा लावून कपभर गरम पाणी काढा, निवू द्या, प्या. मग बोलू.

घोटभर:
पाणी कोण पितंय! आणि धुतल्यावरचा पहिला शॉट धातूसारखा लागतो, म्हणून लोक तो ओतून देतात, त्याचं काय? लोखंडी तव्यासारखं मशीनही मुरावं लागतं.

वाफेचाजोर:
तवा कुठे, मशीन कुठे! तव्यावर तेल २०० अंशांच्या पुढे तापून पक्कं बसतं. इथे पाणी ९०-९५ अंशांचं, त्यात ते नुसतं चिकट राहतं. पहिला शॉट बरेचदा विचित्र लागतो तो पावडर नीट निघालेली नसते म्हणून. साध्या पाण्याने आणखी चार-पाच वेळा बॅकफ्लश करून पाहा.

गाळणीबहाद्दर:
भांडा, पण तेल आणि क्षार यांची सरमिसळ नको. तेलाला अल्कलीची पावडर, क्षाराला सायट्रिक आम्ल. क्षार थेट चवीत उतरत नाही. तो पाण्याची वाट अडवतो, तापमानाचं गणित बिघडवतो. पाणी मुळातच मऊ असेल तर वरचेवर डिस्केल करण्यात अर्थ नाही, इथे घोटभर यांच्याशी सहमत. थ्री-वे व्हॉल्व्ह नसेल तर बॅकफ्लशचाही उपयोग नाही, ग्रुप हेडची जाळी (शॉवर स्क्रीन) खोलून घासा. ई६१ ग्रुप (लिव्हरने चालणारा ग्रुप हेडचा एक प्रकार) असेल तर पावडरने लिव्हरचं ग्रीस धुऊन जातं, ते पुन्हा लावावं लागतं. (हे मी लिव्हर कुरकुरायला लागल्यावर शिकलो.) आणि ग्राइंडर? बर्रवरचं (बिया दळणारी पाती) शिळं तेल प्रत्येक शॉटमध्ये येतं, त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

घोटभर:
शेवटी ते पाणी प्यायलो. रंग पिवळसर, वास जुन्या तेलाच्या डब्याचा. मान्य. मग सगळं धुतलं, ग्राइंडरही उघडून ब्रशने झाडला. आजची कॉफी बरी लागली, पण श्रेय मशीनला देणार नाही. ग्राइंडरमुळेही असेल.

वाफेचाजोर:
दोन्ही एकाच दिवशी केल्यावर कसं कळणार? शॉवर स्क्रीन काढून मागे पाहिलंत का?

घोटभर:
स्क्रू जाम झालाय. हलत नाही.

वाफेचाजोर:
🙂

गाळणीबहाद्दर:
जोर लावू नका, खाच झिजेल. पावडरने एकदा बॅकफ्लश करा, ग्रुप गरम असतानाच बरोबर मापाच्या पेचकसाने फिरवा. फोटो टाका.