स्ट्रॅथनेव्हरची रिकामी दरी

स्कॉटिश हायलँड्समधली निर्जन शांतता ही निसर्गाचीच देणगी, असं म्हटलं जातं; मला ते पटत नाही. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला, सदरलंड भागातली स्ट्रॅथनेव्हरची दरी बघा. नदी, हिरवी कुरणं, आणि रोझलसारख्या जुन्या वस्त्यांची नुसती जोती. १८१४ ते १८१९ या काळात सदरलंडच्या जमीनदारांनी मेंढपाळीसाठी इथली कुळं हुसकावली, घरं जाळली. केवढा अन्याय! बरीच माणसं उत्तर किनाऱ्यावर ढकलली गेली, बेटीहिलसारखी गावं त्यातूनच वसली. खडकाळ तुकड्यात बटाटे पिकवायचे आणि पोटासाठी समुद्रावर जायचं. कुळांना कायद्याचं संरक्षण मिळालं ते थेट १८८६मध्ये. बेटीहिलला गेलात तर जुन्या चर्चमधलं छोटं संग्रहालय आवर्जून बघा, आणि रोझलच्या जोत्यांपर्यंत चालत जाच.