बाविसाव्या वर्षी राजदूत? ही छपाईची चूक आहे का?

माणदेशी_पोरगं (दहिवडी, सध्या सातारा)
नमस्कार मंडळी. राज्यसेवेची तयारी करतोय, साताऱ्यात एका अभ्यासिकेत बसतो. काल वाचताना टांझानियाचे सलीम अहमद सलीम हे नाव आलं. १९७९ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे अध्यक्ष. जन्म १९४२ आणि पहिल्यांदा राजदूत १९६४ ला! मी सव्वीसचा झालो तरी पूर्वपरीक्षेतच अडकलोय. छपाईची चूक आहे, की खरंच? आणि खरं असेल तर वशिला कुणाचा?

वाईकर
चूक नाही. पहिली नेमणूक कैरोला होती. वशिला म्हण नाहीतर क्रांती म्हण.

हळदपेठ_सांगली
वशिला हा शब्द टोचला म्हणून लिहितोय.

आमच्या आजोबांचं गणपती पेठेत मसाल्याचं दुकान. झांजिबार ही आफ्रिकेजवळची बेटं आहेत हे मला चौथी-पाचवीत कळलं. तोवर मला वाटायचं ती लवंगेची जात आहे. आजोबा गिऱ्हाइकासमोर लवंग नखाने दाबून दाखवायचे, तेल सुटलं पाहिजे. कुणी शंका काढलीच तर पेल्यात पाणी घेऊन दोन लवंगा टाकायचे. तेल काढून घेतलेली लवंग आडवी तरंगते.

तर त्याच बेटांवरचा हा माणूस. १० डिसेंबर १९६३ ला झांजिबार स्वतंत्र झाला. महिना-सव्वा महिन्यात, १२ जानेवारीला, क्रांती होऊन सुलतान गेला. २६ एप्रिलला शेजारच्या टांगानिका देशाशी विलीनीकरण, तोच आजचा टांझानिया. चार-साडेचार महिन्यांत तीन राजवटी बघितल्या लोकांनी. आता सांग, जुने साहेब गेलेले, आणि जगात आपली माणसं तर पाठवायची आहेत. अनुभवी आणणार कुठून? सलीम विद्यार्थी चळवळीत होता, वर्तमानपत्रात काम केलेलं. त्याला उचलला आणि इजिप्तचे अध्यक्ष नासर यांच्या कैरोला पाठवला. वय बघायला वेळ कुणाला होता!

तुला उपयोगी पडेल अशी गंमत पुढेच आहे. १९६५ ते ६८ तो आपल्या दिल्लीत उच्चायुक्त होता आणि तिथे असताना दिल्ली विद्यापीठात शिकला. नंतर न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत देशाचा कायम प्रतिनिधी असताना कोलंबिया विद्यापीठातून एम.ए. केलं. आपल्याकडे पोरं पदवी घेऊन नोकरी शोधत हिंडतात, ह्याने खुर्चीत बसून पदव्या घेतल्या. पण खुर्ची मिळाल्यावर शिकायची लाज वाटली नाही, हे मला त्या बाविसाव्या वर्षापेक्षा मोठं वाटतं.

माणदेशी_पोरगं
काका, वशिला शब्द मागे घेतो. मग एवढा हुशार माणूस १९८१ ला संयुक्त राष्ट्रांचा महासचिव का नाही झाला? पुस्तकात फक्त 'नकाराधिकार' एवढंच आहे.

हळदपेठ_सांगली
त्यासाठी दहा वर्षं मागे जावं लागेल. २५ ऑक्टोबर १९७१, संयुक्त राष्ट्रांतली चीनची जागा तैवानऐवजी पेकिंगच्या (म्हणजे बीजिंगच्या) सरकारला द्यायचा ठराव. ७६ विरुद्ध ३५, तटस्थ १७. आपणही बाजूने मत दिलं होतं. निकाल लागला आणि टांझानियाचे प्रतिनिधी, ज्यांचे प्रमुख सलीम, सभागृहातच नाचले. अमेरिका विरोधात होती, तिची बाजू तेव्हा थोरले बुश मांडत होते, आणि १९८१ ला ते उपराष्ट्राध्यक्ष.

१९८१ मध्ये वाल्डहाइमना तिसऱ्यांदा महासचिव व्हायचं होतं, समोर सलीम. चीनने नकाराधिकार वापरून वाल्डहाइमना सोळा वेळा अडवलं, अमेरिकेने सलीमना अडवलं. शेवटी दोघंही बाजूला झाले आणि पेरूचे पेरेझ दे क्वेयार आले. सगळे म्हणतात त्या नाचाचा राग होता. मला हे अर्धवट वाटतं. १९७२ ते ८० सलीम संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतमुक्तीच्या समितीचे अध्यक्ष होते. दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या राजवटीविरुद्ध बोलायचे, पॅलेस्टाइनची बाजू घ्यायचे. नाच विसरला गेला असता, हे विसरलं जाणार नव्हतं.

कराडची_शोभा
आमचे यशवंतराव १९७४ ते ७७ परराष्ट्रमंत्री होते, तेव्हा सलीम न्यूयॉर्कलाच होते. कराडकर असून यशवंतरावांची ही कारकीर्द मला धड चार वाक्यांत सांगता येत नाही. संरक्षणमंत्रीपद तेवढं सगळ्यांच्या तोंडी.

वाईकर
परीक्षेसाठी एक लक्षात ठेव, सलीम आमसभेचे पहिले आफ्रिकी अध्यक्ष नव्हेत. ट्युनिशियाचे मोंगी स्लिम १९६१ ला, घानाचे क्वेसन-सॅकी १९६४ ला. स्लिम आणि सलीम यात पोरं हमखास फसतात.

माणदेशी_पोरगं
मी पण फसलो असतो. लिहून घेतलं. काका, नंतर त्यांचं काय झालं? आणि दुकान आहे का अजून?

हळदपेठ_सांगली
१९८४ ला पंतप्रधान सोकोईने मोटार अपघातात गेले, तेव्हा सलीम पंतप्रधान झाले. पुढे १९८९ ते २००१ आफ्रिकी एकता संघटनेचे महासचिव, तिचं मुख्यालय आदिस अबाबाला. म्हणजे न्यूयॉर्कची हुकली, आदिस अबाबाची मिळाली.

दुकान आहे, पुतण्या बघतो. लवंग आता मादागास्करचीही येते. पेल्यात टाकून दाखव म्हटलं तर तो हसतो.