कॅमेऱ्याकडे न बघणं म्हणजे कॅन्डिड नव्हे

कवडसा

माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली. अल्बममधला माझा सगळ्यात लाडका फोटो स्टेजवरचा नाही. हॉल रिकामा आहे, पाहुणे यायचेत, आणि बाबा एकटेच खुर्च्यांची रांग सरळ करतायत. एक हात खुर्चीच्या पाठीवर, चष्मा कपाळावर चढवलेला, नजर रांगेच्या पार टोकाला. मी तेव्हा आत तयार होत होते. हा फोटो नसता तर बाबा त्या सकाळी काय करत होते, हे मला कधीच कळलं नसतं.

म्हणून माझं मत सरळ आहे. लग्नाच्या फोटोग्राफरने काहीही घडवून आणू नये. ‘जरा इकडे बघा’, ‘परत एकदा हसा’, ‘मघाचं पुन्हा करा, मिस झालं’, हे सगळं बंद व्हायला हवं. आणि कॅन्डिडच्या, म्हणजे नकळत टिपलेल्या फोटोंच्या, नावाखाली जे चालतं तेही मला पटत नाही. नवरा-नवरीला लांबून चालत यायला सांगायचं, एकमेकांकडे बघून हसायला लावायचं, कॅमेऱ्याकडे बघू नका म्हणायचं. ही पोजच झाली, नुसती नजर वळवलेली.

पोज देणं ही एके काळी गरज होती. १८३९ साली डागेरोटाइप, म्हणजे धातूच्या प्लेटवर फोटो काढायची सुरुवातीची पद्धत, जगासमोर आला तेव्हा प्लेटवर चित्र उमटायला काही मिनिटं लागत. माणूस हलू नये म्हणून त्याच्या डोक्यामागे लोखंडी आधार लावत. १९२५ मध्ये लायका कॅमेरा बाजारात आला, हातात मावणारा, एका रोलवर ३६ फोटो. त्याच दशकाच्या अखेरीस जर्मनीचा फोटोग्राफर एरिख सालोमन लहानसा कॅमेरा घेऊन आंतरराष्ट्रीय परिषदांमध्ये शिरायचा आणि फ्लॅश न वापरता मंत्र्यांना जांभया देताना, डुलक्या काढताना टिपायचा. डोक्यामागचा तो लोखंडी आधार कधीच गेला. तरी आपण लग्नात अजून त्याच ताठ मानेने उभे का राहतो?

जुना अल्बम

साफ असहमत.

माझ्या भावाच्या लग्नात फोटोग्राफरने आधीच बजावलं होतं, ग्रुप फोटो काढणार नाही, ती माझी शैली नाही. भाऊ-वहिनींना ते आवडलं होतं. फोटो आले बाराशेच्या वर, आणि सुंदर आले, त्याबद्दल वाद नाही. चार महिन्यांनी आजोबा गेले. त्या रात्री मी लॅपटॉपवर सगळे फोटो एकेक करून बघितले. आजोबा नऊ फोटोंत होते. सहांत पाठमोरे, दोनांत कुणाच्या तरी खांद्याआड अर्धे, एकात धूसर, कारण फोकस पुढच्या मुलीवर होता. भिंतीवर लावायला शेवटी मावशीच्या फोनमधला फोटो कापून मोठा केला. त्यात त्यांच्या कानाजवळ कुणाचा तरी हात राहिलाय, तो काढता आला नाही.

ते त्या दिवशी नवीन शर्ट घालून सकाळपासून तयार बसले होते. कुणीतरी बोलावेल, मधे उभं करेल, याची वाट बघत होते. ‘इकडे बघा आजोबा’ म्हणायला पाच सेकंद लागले असते.

एकशे पंचवीस

बारा वर्षं हेच काम करतोय, म्हणून लिहितो.

ढवळाढवळ न करता काम करणं पोज देऊन घेण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. हॉलमध्ये उजेड कमी, फ्लॅश मारला की माणसं सावध होतात. मग जास्त उजेड आत घेणारी एफ १.८ ची लेन्स, आयएसओ (उजेड टिपायची संवेदनक्षमता) ३२०० किंवा ६४००, शटर निदान १/२५० सेकंद (पोरं धावत असतील तर १/५००), आणि तरीही निम्मे फोटो टाकून द्यावे लागतात. आवाज नको म्हणून सायलेंट शटर लावावं तर एलईडी दिव्यांखाली फोटोवर आडवे पट्टे येतात. खरं कौशल्य मात्र यंत्रात नसून उभं कुठे राहायचं यात आहे. बाबांच्या त्या फोटोसाठी तो माणूस पाहुण्यांच्या तासभर आधी पोचला असणार आणि गप्प उभा राहिला असणार.

१९९६ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या मुलाचं, धाकट्या जॉन केनेडीचं लग्न झालं, तेव्हा चॅपलमधून बाहेर पडताना त्याने वधूच्या हाताचं चुंबन घेतलं. फोटोग्राफर डेनिस रेगीने टिपलेला तो फोटो जगभर छापला गेला. क्षणभराचं काम. ते पुन्हा करायला सांगितलं असतं तर हात तोच असता, चेहरे वेगळे असते. इथे मी पूर्ण कवडसा यांच्या बाजूचा.

पण ‘काहीही नाही’ हे मला जमत नाही. नवरी तयार होत असते त्या खोलीत गेलो की मी खिडकीचा पडदा सरकवतो आणि छतावरचा पिवळा दिवा बंद करतो. माणसांना हात लावत नाही, पण उजेडात ढवळाढवळ करतोच. आणि मी ज्याच्याकडे कॅमेरा वळवला नाही तो त्या लग्नात नव्हताच, असं पुढे वाटू लागतं. आजोबांच्या बाबतीत तेच झालं. तो शैलीचा प्रश्न नव्हताच, त्यांच्याकडे बघितलंच गेलं नाही.

पाठमोरी

फोटोत यायचं आहे का, हे कुणी कुणाला विचारतं का?

बहिणीच्या लग्नात मी बाजूच्या खोलीत जाऊन रडले. कारण लग्नाचं नव्हतं, माझं स्वतःचं होतं, आणि ते कुणालाच माहीत नव्हतं. दार अर्धं उघडं होतं. आठवड्याने तो फोटो फोटोग्राफरच्या इन्स्टाग्रामवर आला, खाली ओळ होती, ‘बहिणीची माया’. ऑफिसातल्या लोकांनी लाइक केला. काढायला लावायला तीन दिवस गेले. करार बहिणीने केला होता, मी नाही. ‘इकडे बघा’ म्हणणाऱ्या माणसाला निदान नाही म्हणता येतं.

कवडसा

पाठमोरी, याचा मी विचारच केला नव्हता. तुमचं वाचून काल बाबांना फोन केला. तो फोटो मी फ्रेम करून दिवाणखान्यात लावलाय, पण तुम्हाला आवडतो का, हे दोन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. ते म्हणाले, “फोटो काढतोय हे सांगायचं ना गं त्याने. बाही तरी खाली केली असती.” जरा थांबून म्हणाले, “राहू दे, लावलायस तर.”

बाही खाली केली असती तर तो फोटो राहिला नसता, असं मला अजूनही वाटतं. क्षण परत करायला लावू नये, यावर मी ठाम आहे. पण घरच्यांनी आधी बघावं आणि मगच फोटो कुठे टाकायचे ते टाकावेत, हे करारात लिहून घ्यायला हवं होतं. आणि ‘काहीही घडवून आणू नये’ म्हणताना मी ग्रुप फोटोंनाही सरसकट ‘नको’ म्हटलं, ते मागे घेते.

एकशे पंचवीस

मी आठ-दहा ग्रुपची यादी आधीच मागतो, नावं आणि नाती लिहून. एका ग्रुपला दोन-तीन मिनिटं, विधी संपल्या संपल्या, माणसं पांगायच्या आत. हाका मारायला घरातलं कुणीतरी लागतं, मला चेहरे माहीत नसतात. वयस्क मंडळी सगळ्यात आधी, म्हणजे त्यांना उभं राहावं लागत नाही. अर्ध्या तासात संपतं, मग मी पुन्हा कोपऱ्यात जातो.

जुना अल्बम

ही यादी आम्हाला कुणी मागितलीच नाही. मागितली असती तर पहिलं नाव मी लिहिलं असतं.