रानडुकरांनी भात झोपवलं, घरचे म्हणतात शिकार करून फ्रीझर भरूया. मदत हवी आहे

वाळपईची वहिनी:

नमस्कार. आम्ही गोव्यात सत्तरी तालुक्यात राहतो. म्हादई अभयारण्याची हद्द आमच्या वरच्या कुणग्यापासून (भाताच्या खाचरापासून) चालत दहा मिनिटांवर आहे. खाली व्हाळ (ओढा), व्हाळाला लागून सरदीचं (पावसाळी) भात, वर कुळागर (सुपारी-केळीची बाग). नवरा कारखान्यात पाळीवर जातो, त्यामुळे शेती मी आणि सासूबाई बघतो.

गेल्या मंगळवारी पहाटे भात बघायला गेले तर मधले दोन कुणगे चटई अंथरल्यासारखे आडवे. कणसं चावून रस घेतलेला आणि चोथ्याचे गोळे थुंकलेले. मेर (बांध) तीन ठिकाणी नांगरल्यासारखी उकरलेली, गांडुळांसाठी. चिखलात खुरांचे ठसे होते, मोठे आणि त्यांच्याबरोबर पिल्लांचे अगदी लहान. म्हणजे एकटा नर नव्हे, माद्यांचा कळप आहे आणि तो परत येणार. कुळागरात केळीचे चार कंद उपटलेत, कणगी (कंद) लावली होती ती तर एकही उरली नाही. यंदा दिवाळीच्या पोह्यांपुरतं तरी घरचं भात मिळेल का, हीच काळजी आहे.

आता खरा प्रश्न. धाकटा दीर आणि वाड्यावरचे सात-आठ जण येत्या रविवारी शिकार ठरवताहेत. एकाकडे पीक राखणीच्या परवान्याची बंदूक आहे. बाकीचे हाकारा घालणार, नाहीतर व्हाळाच्या वाटेवर फासक्या (तारेचे फास) लावणार. दिराचा एक मित्र अमेरिकेत टेक्सासला असतो. तो डुकराच्या शिकारीचे व्हिडिओ पाठवतो, शीतपेट्या भरभरून मांस नेताना. ते बघून दीर म्हणतो, "वहिनी, तुझा फ्रीझर नाहीतरी रिकामाच आहे. दोन डुकरं पडली की सहा महिन्यांचं मटण झालं आणि शेतही वाचलं." फ्रीझर मी ओल्या बिब्ब्यांच्या (ओल्या काजूगरांच्या) धंद्यासाठी घेतला आहे. चतुर्थीपर्यंत माल संपतो, मग तो खरंच रिकामा असतो.

आमच्यात गावठी डुक्कर खात नाहीत, रानडुक्कर मात्र पूर्वी चालायचा. सासूबाई सांगतात, शिकार झाली की प्रत्येक घरात केळीच्या पानात वाटा यायचा, ज्या घरी कोणी शिकारीला गेलं नाही त्या घरीसुद्धा. त्यामुळे घरात कोणालाच हे वावगं वाटत नाही. मला भीती वाटते. मला विचारायचंय:

कायद्याने यात काय होऊ शकतं? पीक राखणीची बंदूक आहे म्हणजे परवानगी आहे असं ते म्हणतात, ते खरं का? आणि शिकार नको म्हणायचं तर भात वाचवायला माझ्या हातात दुसरं काय आहे? कापणीला अजून तीन-साडेतीन आठवडे आहेत. नुसतं "करू नका" सांगून दीर ऐकणार नाही, त्याच्यासमोर काहीतरी ठेवावं लागेल.

निवृत्त वनरक्षक:

ताई, रविवारच्या आधी विचारलंत ते फार बरं केलंत. सरळ सांगतो.

रानडुक्कर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. 2022 साली कायद्यात दुरुस्ती झाली, ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे आणि आता तो दुसऱ्या अनुसूचीत येतो. विनापरवाना मारला तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि अभयारण्याच्या आत शिकार केल्याचं सिद्ध झालं तर कैद किमान तीन वर्षं, सात वर्षांपर्यंत. हाकाऱ्यात जखमी जनावर दहा मिनिटांच्या अंतरावरची हद्द ओलांडून आत गेलं आणि पोरं मागून धावली, तर काय होईल याचा विचार करा.

पीक राखणीचा परवाना हा बंदूक बाळगण्याचा आहे. निवडणूक आली की ती ठाण्यात जमा करावी लागते, तोच तो परवाना. रानडुक्कर मारण्याची परवानगी वेगळी. उभ्या पिकाला धोका झाला असेल तर कलम 11 खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी कारणं नोंदवून लेखी आदेश देऊ शकतो. तो हातात असल्याशिवाय गोळी झाडायची नाही.

आता फ्रीझरचं. असा आदेश मिळून डुक्कर मारला तरी कलम 39 प्रमाणे तो सरकारची मालमत्ता होतो. मांस वाटून घेता येत नाही. केरळात 2022 पासून पंचायतीच्या प्रमुखांना परवानगी देण्याचे अधिकार मिळाले, तिथेसुद्धा मारलेला डुक्कर जमिनीत पुरून टाकावा लागतो. तुमच्या घरच्या फ्रीझरमध्ये ते मांस सापडलं तर गुन्हा तुमच्यावरही लागू शकतो, फक्त दिरावर नव्हे. हे त्याला जरूर सांगा.

फासकीबद्दल तर हात जोडून विनंती करतो. मी नोकरीत फासकीतला बिबट्या जवळून पाहिला आहे. तार कमरेत रुतलेली आणि चारी बाजूंची माती नखांनी खरवडलेली. फासकी डुक्कर, बिबट्या, कुणाचं वासरू, काही ओळखत नाही. आणि सत्तरीत वाघ आहेत. जानेवारी 2020 मध्ये गोळावलीला वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेले, ते तुमच्या तालुक्यातलंच. त्यानंतर गावावर काय आलं ते तुमच्या घरच्यांना आठवत असेल.

सांग्याचा बागायतदार:

वहिनी, मी नेत्रावळीच्या बाजूचा. आमच्याकडे डुकरं, खेती (माकडं), गवे सगळेच येतात. शिकारीबद्दल वरच्यांनी सांगितलं, मी भात कसं वाचवायचं ते सांगतो.

तीन आठवडे हातात असतील तर सौर कुंपण हाच उपाय. डुकराला उंच तार नको, खाली हवी. तो नाकाने वाट काढतो. पहिली तार जमिनीपासून वीतभर, दुसरी हातभर. ओल्या नाकाला एकदा झटका बसला की कळप दुसरी वाट धरतो. तारेखालचं गवत दर दोन दिवसांनी कापायला हवं, नाहीतर ओलं गवत तारेला टेकून झटका जमिनीत जातो. आमच्या पहिल्या वर्षी हेच झालं, यंत्र चालू होतं आणि डुकरं तारेखालून आरामात आत. अर्थिंगचा खांब ओलसर जागी ठोका. रोज संध्याकाळी यंत्राचा टिकटिक आवाज ऐकून मगच घरी जा.

घरच्या लाईनची वीज तारेला कधीही जोडू नका. सौर यंत्र क्षणभराचा झटका देतं, माणूस दचकतो, मरत नाही. थेट लाईन जोडलेल्या कुंपणाने माणसं मेली आहेत.

वाळपईच्या झोनल कृषी कार्यालयात जाऊन कुंपणाच्या अनुदानाची चौकशी करा. अनुदान या हंगामाला पोचणार नाही, पण अर्ज आज केला तर पुढच्या सरदीला उपयोगी पडेल. तोपर्यंत कुणाचं यंत्र उसनं मिळतं का बघा. ज्यांची कापणी आधी होते त्यांचं यंत्र नंतर पडून असतं.

नुकसानीचे फोटो काढलेत का? आडवं भात सरळ करण्याआधी फोटो काढा, ठसे दिसतील असे. कृषी कार्यालय आणि वन खात्याचं रेंज ऑफिस, दोन्हीकडे लेखी द्या आणि पोच घ्या. कलम 11 ची परवानगी मागायची वेळ आली तरी हेच कागद लागतात.

वासाच्या उपायांचं म्हणाल तर न्हाव्याकडचे केस मेरेवर टाकून आम्हाला पाच-सहा दिवस फरक पडला, पाऊस आला की संपलं. कोणी फोरेट टाकायला सांगेल, ऐकू नका. ते जहाल विष आहे आणि 2020 अखेरपासून देशात त्यावर बंदी आहे. व्हाळाच्या कडेला तर मुळीच नको.

ह्यूस्टनहून:

मी मूळची फोंड्याची, अकरा वर्षं टेक्सासला आहे. तुमच्या दिराचा मित्र पाठवतो ते व्हिडिओ खरे असतील, पण ते इथलं आहे. इथली रानडुकरं मूळची इथली नाहीत. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात आणलेली पाळीव डुकरं सुटून रानटी झाली, पुढे शिकारीसाठी युरोपातले रानडुक्कर आणून सोडले, त्यांचा संकर झाला. एकट्या टेक्सासमध्ये 26 लाखांच्या आसपास आहेत असा अंदाज आहे. म्हणून इथे त्यांना वर्षभर मारता येतं आणि 1 सप्टेंबर 2019 पासून खाजगी जमिनीवर मालकाची संमती असेल तर शिकारीचा परवानासुद्धा लागत नाही. आपल्याकडचा रानडुक्कर आपल्या रानातलाच आहे, वाघ-बिबट्याचं ते खाणं आहे.

आणखी एक गोष्ट दिराला सांगा. इतकी मोकळीक असूनही बंदुकीने इथले शेतकरी सुटलेले नाहीत. वर्षाला साधारण दोन-तृतीयांश डुकरं काढली तरच संख्या जेमतेम तेवढीच राहते, असं इथले कृषी विस्तारवाले सांगतात. एक-दोन मारली की उरलेला कळप बिथरतो, वाट आणि वेळ बदलतो आणि परत येतो. म्हणून ज्यांना खरंच शेत वाचवायचं असतं ते अख्खा कळप मावेल एवढा मोठा पिंजरा लावतात. रविवारी दोन डुकरं पाडून तुमचं भात वाचणार नाही.

मांस घरी नेणारेसुद्धा फार जपून असतात. रानडुकरातून ब्रुसेला नावाचा रोगजंतू माणसाला लागतो, म्हणून रबरी हातमोजे घातल्याशिवाय कोणी पोट फाडत नाही. ट्रायकिनेला नावाचा जंत असतो, रानटी जनावरातल्या त्याच्या काही जाती गोठवूनही मरत नाहीत. मांस आतपर्यंत 71 अंश सेल्सिअसला शिजवावं लागतं. फ्रीझरमध्ये ठेवलं म्हणजे निर्धोक झालं, असं नाही.

म्हापशाची अन्नपूर्णा:

फ्रीझर रिकामा ठेवून वीज कशाला जाळायची, हे दिराचं म्हणणं मला पटतं! मग बोकड घ्या. वाड्यावरच्या चार घरांनी मिळून ओळखीच्या धनगराकडून दोन बोकड घ्यायचे, वाटे करायचे. पंचवीस किलोच्या बोकडाचं अकरा-बारा किलो मटण पडतं. वाट्याची रीतही राहते.

मटण कापल्या कापल्या फ्रीझरमध्ये कोंबू नका. आधी रात्रभर साध्या फ्रिजमध्ये गार होऊ द्या. मग अर्धा-अर्धा किलोच्या पिशव्या, हवा दाबून काढलेल्या, चपट्या, वर तारीख. सगळ्या एकदम रचल्या तर मधल्या पिशव्या गोठायला दोन दिवस लागतात, तेव्हा पसरून ठेवा, गोठल्यावर रचा. तापमान उणे 18. तुकडे सहा महिने छान राहतात, खिमा तीन महिन्यांत संपवा. सत्तरीत वीज गेली तर झाकण उघडायचं नाही. भरलेला फ्रीझर बंद राहिला तर दोन दिवस निघतात, अर्धा भरलेला असेल तर एकच.

वाळपईची वहिनी:

सगळ्यांचे मनापासून आभार. आज आठ दिवसांनी लिहिते आहे.

शनिवारी रात्री जेवताना मी तुमचे सगळे प्रतिसाद दिराला वाचून दाखवले. तुरुंगाचं ऐकून तो काही बोलला नाही. फ्रीझर माझा आहे आणि गुन्हा माझ्यावरही लागू शकतो, हे ऐकल्यावर त्याने ताट बाजूला सारलं आणि उठून बाहेर गेला. मला वाटलं रागावला. अर्ध्या तासाने आला आणि म्हणाला, "बंदूकवाल्याला नको म्हणून सांगितलंय. फासक्या मी स्वतः काढून आणतो." म्हणजे तीन फासक्या आधीच लावल्या होत्या, मला माहीतसुद्धा नव्हतं! रात्रीच टॉर्च घेऊन गेला आणि तारा घरी घेऊन आला. तिन्ही रिकाम्या होत्या, देवाची कृपा.

सौर यंत्र दिराने डिचोलीतल्या एका मित्राकडून कापणीपर्यंत आणलंय. सोमवारी तारा ओढल्या, वीतभर आणि हातभर, सांगितल्याप्रमाणे. बुधवारी पहाटे तारेबाहेर ठशांची गर्दी होती, आत एकही नाही. सासूबाई बराच वेळ त्या ठशांकडे बघत उभ्या होत्या. फोटोंसह अर्ज दोन्ही कार्यालयांत दिले, पोच घेतली. बोकडाचं दसऱ्यानंतर ठरवलंय, पाच घरं तयार आहेत.

एक अडचण राहिली आहे. व्हाळ जिथे मेरेखालून जातो तिथे तार ओढता येत नाही. पाणी वाढलं की खालची तार बुडते आणि सगळा झटका पाण्यात जातो. तिथे तीन हातांची फट उघडी आहे. काल रात्री एक मोठा नर तिथवर येऊन गेलाय. आता दीर आणि माझा मुलगा तिथे डबा वाजवत राखण करतात, पण मुलाची परीक्षा जवळ आली आहे.

सांग्याचा बागायतदार:

व्हाळावर तार नेऊच नका. दोन्ही काठांवर खांब रोवून वरून जाड दोर ताणा आणि त्याला बांबूचा ताटवा लोंबता बांधा, खालचं टोक पाण्याला टेकेल एवढा. पाणी वाढलं की ताटवा आपोआप उचलला जातो, कचरा खालून निघून जातो, पाणी उतरलं की परत खाली येतो. बांबू उभे बांधा आणि चार बोटांपेक्षा जास्त फट ठेवू नका, पिल्लं शिरतात. तार खांबापाशी संपवा आणि दुसऱ्या काठाला जोडणारी तार वरून, डोक्याच्या उंचीवरून न्या. बांबू घरचे असतील तर अर्ध्या दिवसाचं काम आहे. आज अंधार पडायच्या आत होईल.