साडेसहाचा हॉल नक्की कुणाचा?

सुजाता ए-३०२, ६:४१
आज पुन्हा तेच! लिफ्ट बंद, कठड्याला धरून तीन जिने उतरले मृणालच्या व्यायामासाठी, आणि हॉलला आतून कडी. आत ध्यान चाललंय. माझी कंबर चार महिने धरलीय हे सगळ्यांना माहीत आहे ना?

जोशीकाका बी-२०१, ७:३०
सुप्रभात. ताई, दार वाजवायचं होतं. सोम-बुध-शुक्र ध्यान हे मार्चच्या मीटिंगमध्ये ठरलंय.

पाटील बी-१०४, ७:३२
हॉलमधल्या ४ सतरंज्या कोणाकडे आहेत? गणपतीपासून विचारतोय.

मृणाल (फिजिओ) सी-५०१, ७:३८
काका, मार्चमध्ये मी गावी होते हे बघूनच ठरलं बहुतेक 🙂 कंबरेला हालचाल लागते, डोळे मिटून बसणं नाही.

जोशीकाका, ७:४४
बाळा, असं म्हणू नये. अमेरिकेत ३४२ कंबरदुखीवाल्यांवर अभ्यास झाला, २०१६ साली ‘जामा’ या वैद्यकीय मासिकात आलाय. ध्यानाचा ८ आठवड्यांचा वर्ग मिळालेल्या गटात सहा महिन्यांनी साधारण ६० टक्के लोकांचं उठणं-बसणं, कामं सुधारली. नेहमीच्या उपचारांवर राहिलेल्यांत ४४ टक्के.

चिन्मय डी-३०३, ७:४६
काका इगतपुरीहून १० दिवस विपश्यनेला बसून आले तेव्हा काकूंनी महिनाभर बाम चोळला होता 😂

जोशीकाकू, ७:४७
बाम नाही, शेकाची पिशवी. आणि तू पाहुण्यांच्या जागेतून बाईक काढ आधी.

मृणाल, ७:५५
तो पेपर मीही वाचलाय काका. त्या वर्गात योगासनंही होती, नुसते बसले नव्हते. तिसरा गट सीबीटीचा, म्हणजे दुखण्याबद्दलचे विचार-सवयी बदलण्याचा. तेही ५८ टक्के. व्यायामाशी सामना लावलाच नव्हता, मग ध्यान जिंकलं कुठून?

जोशीकाका, ७:५६
३४२ लोक. ६० टक्के.

देशमुख ए-१०१, ८:०२
मला तर पट्टा दिलाय, दिवसभर बांधून असतो. काय चूक त्यात?

मृणाल, ८:०५
जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी पट्टा आणि ट्रॅक्शन (कंबर ताणून धरणं) नेहमी वापरू नका म्हटलंय. व्यायाम आणि सीबीटी दोन्ही यादीत आहेत. तुम्हाला पट्टा कशासाठी दिलाय ते डॉक्टरांना विचारून मगच सोडा.

पाटील, ८:०६
सतरंज्या??

सुजाता, ८:१४
मला टक्के नकोत हो. भाकरीची परात ओट्यावर घेते, खाली सांडलेलं पीठ संध्याकाळपर्यंत तसंच राहतं. वाकायचं नुसतं मनात आलं तरी पोटात गोळा येतो. एमआरआयमध्ये ‘डिस्क बल्ज’, म्हणजे मणक्यांमधली चकती फुगलीय, असं वाचल्यापासून तर जास्तच.

मृणाल, ८:२०
सुजाताताई, चाळिशीतल्या ज्यांना काहीच दुखत नाही त्यांचा एमआरआय काढला तरी निम्म्यांत बल्ज दिसतो. पायातली ताकद गेली, लघवीचा ताबा सुटला तर लगेच डॉक्टर. ते नसेल तर हळूहळू वाकायला लागायचं.

जोशीकाका, ८:२१
भीती! मी तेच म्हणतोय. भीती मनात असते.

मृणाल, ८:२२
आणि वाकून बघितल्यावर जाते.

कुलकर्णी डी-१०२, ८:३०
हॉलच नको. चाला! ऑस्ट्रेलियात ७०१ जणांवर प्रयोग झालाय. ठरवून चालणाऱ्या निम्म्यांची कंबर पुन्हा धरायला २०८ दिवस लागले, बाकीच्यांत ११२.

सुजाता, ८:३१
चालायचं कुठे? बागेत डी विंगची कुत्री मोकळी.

कुलकर्णी, ८:३१
आमचा ब्रूनो चावत नाही.

चिन्मय, ८:३२
ब्रूनोलाही ध्यानाला पाठवा.

सेक्रेटरी, ८:४५
बास. उद्यापासून ६:३० व्यायाम, ७:१५ ध्यान. कडी कोणीही लावायची नाही. लिफ्टवाला गुरुवारी येतोय.

जोशीकाका, ८:४६
७:१५ला दूधवाला येतो. तरी ठीक आहे, ज्येष्ठांनीच समजून घ्यायचं असतं.

पाटील, ८:५०
आणि सतरंज्या?

जोशीकाकू, ८:५८
भाऊ, दोन आमच्याकडे आहेत. ह्यांची पाठ धरली की जमिनीवर आडवे होतात.

पाटील, ८:५९
उरलेल्या दोन?