सतरा नंबरचा फॉर्म भरलाय, पण रात्री पुस्तक उघडलं की डोळे मिटतात

फॉलपिको:
नमस्कार. बार्शी तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितेय. दहावी २००७ ला झाले, ५८ टक्के. मग लग्न झालं आणि पुढचं राहून गेलं. यंदा सतरा नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे कॉलेजला न जाता, बारावी कला बाहेरून देतेय. कशासाठी, तर अंगणवाडी सेविकेच्या भरतीला २०२३ पासून बारावी पास लागतं आणि वयाची अट आहे ३५. मला ऑगस्टात ३४ पूर्ण झाली. त्यामुळं ‘ध्येय ठरवा’ असले व्हिडिओ कृपा करून पाठवू नका. ध्येय कॅलेंडरवर खूण करून ठेवलंय.

अडचण वेगळी आहे. तुळशीचं लग्न झालं की ब्लाउजची गर्दी सुरू होते. रात्री दहाला मशीनवर कापड टाकते आणि पुस्तक घेते. इतिहास, राज्यशास्त्र मराठीतून आहे, ते वाचत जाते. इंग्रजीचं मात्र एका ओळीत तीन शब्द अडतात. दुसऱ्या परिच्छेदाला पोचेपर्यंत पहिल्यात काय होतं ते जातं. मागच्या गुरुवारी मशीनवरच डोकं टेकून झोपले. सकाळी आरशात बघते तर गालावर टेपचे आकडे उमटलेले, चौदा, पंधरा, सोळा. सासूबाई हसल्या, मला रडू आलं.

आणि एक. संपर्क केंद्रात फॉर्मची प्रिंट द्यायला गेले तर टेबलावरच्या बाई म्हणाल्या, “मुलाला का नाही आणलं?” माझा मुलगा खरंच यंदा दहावीला आहे. मी “विसरले” म्हणून हसून घेतलं, पण तेव्हापासून पुस्तक हातात घेतलं की ते वाक्य आठवतं. इंग्रजीचाच पेपर पहिला असतो. काय करू?

बॅकबेंचर_लातूर:
ताई, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. २५ मिनिटं अभ्यास, ५ मिनिटं ब्रेक. मला फार फायदा झाला.

मीपण_सतरानंबरी:
दुसरी खोली असली तर ठेवतील की बाळा.

खडूचा_डबा:
बाई, मी तीस वर्षं बारावीला इंग्रजी शिकवलं. तुम्ही चुकीच्या टोकानं सुरुवात केलीय. पहिल्या धड्यापासून एकेक शब्द बघत गेलात तर फेब्रुवारी उजाडेल आणि तुम्ही तिसऱ्या धड्यावर असाल.

लेखी पेपर ८० चा. गद्याला ३४, कवितेला १४, लेखनकौशल्याला १६, कादंबरीला १६. उरलेले २० तोंडीचे. पास व्हायला शंभरात ३५. तोंडीला बाहेरून बसणारी मुलं लाजून गप्प राहतात आणि हातातले गुण सोडतात. तुम्ही मोडकंतोडकं का होईना, बोला.

उद्यापासून लेखनकौशल्य घ्या. ईमेल, रिपोर्ट, अपील, मुलाखतीचे प्रश्न. यांचा साचा ठरलेला असतो. तुम्ही शिवणकाम करता, साचा काय ते मी तुम्हाला सांगायला नको. माप बदलतं, कटिंग तेच. मग कादंबरी. त्यातले ४ गुण कादंबरीच्या इतिहासावर असतात, बाकी तीन उताऱ्यांवर. उताऱ्याची गोष्ट आधी कुणाकडून तरी मराठीत ऐका, मग इंग्रजी वाचा. गद्यातले बरेचसे प्रश्न समोरच्या उताऱ्यावरच असतात, उत्तर तिथंच सापडतं. आधी प्रश्न वाचायचे, मग उतारा.

आणि रात्री वाचू नका, लिहा. हात चालू असला की डोळा लागत नाही. खरा अभ्यास पहाटे चारला.

मीपण_सतरानंबरी:
सर, बाकी सगळं पटलं, पहाटे चार सोडून. आमच्याकडं नळाला पाणी चारलाच यायचं. ज्या बाईला पहाट मोकळी मिळते तिला रात्रही मिळते.

ताई, मी ३६ व्या वर्षी बारावी झाले. मला दुपारी दोन ते तीन सापडला. जेवणं उरकलेली, पोरं शाळेत. त्या तासात दार वाजलं तरी उठायचं नाही, एवढं एकच पथ्य. गिऱ्हाइकाला सरळ सांगा, दोन ते तीन दुकान बंद. मी सहा महिने सगळ्यांपासून लपवलं होतं, पुस्तक पिठाच्या डब्यामागं. लपवण्यातच निम्मी ताकद जाते हो. शेवटी नणंदेला सांगितलं, तर तीच माझं पाठांतर घ्यायला लागली. त्या टेबलावरच्या बाईंचं मनावर घेऊ नका. मला तर हॉलमध्ये पोरांनी सुपरवायझर समजून उभं राहून नमस्कार केला होता. मीही हात वर करून “बसा” म्हणाले.

फॉलपिको:
दहा दिवसांनी लिहितेय, माफ करा, एका वऱ्हाडाचे बावीस ब्लाउज होते.

दोन ते तीनची पाटी लावली. पहिल्या दिवशी शेजारच्या काकू खिडकीतून बघून गेल्या. तिसऱ्या दिवशी एकजण रुसून दुसरीकडं गेली, तिचे साडेतीनशे गेले. जाऊ दे. ईमेल आणि रिपोर्टचा साचा कटिंगच्या खाकी कागदावर लिहून मशीनसमोर टाचणीनं लावलाय, काज-बटण करताना डोळा जातो.

काल रविवारी मुलाला म्हटलं, तुझं भूमितीचं तू कर, मी शेजारी बसून लिहिते. त्यानं मोबाईलवर वेळ लावली. रक्तदान शिबिराचं अपील लिहिलं, न बघता, पूर्ण पान. वरती घोषवाक्यसुद्धा. त्याला तपासायला दिलं. लाल पेन घेऊन इतका मास्तरासारखा बसला होता की मला हसू येत होतं. चारापैकी दोन दिले.

म्हटलं, का रे, स्पेलिंग?

म्हणाला, “स्पेलिंग ठीक आहे आई. पण शिबिर कुठं आहे, किती वाजता, लिहिलंच नाहीस. लोकांनी रक्त द्यायला जायचं कुठं?”